वडखळचं अर्धं शटर

व्याहीबुवा,

मुलीचा बाप म्हणून मी तुमच्यापुढं कधी वाकलो नाही. लग्नाच्या बैठकीत तुम्हीच म्हणालात, "शेठ, खुर्ची इकडं घ्या, माझ्या बरोबरीला." तेव्हा मला वाटलं, हा साताऱ्याकडचा माणूस साधा आहे, याच्याशी आपलं जमेल. साधा कसला? तुमच्याइतका हट्टी माणूस मी शिरवण्यात पाहिला नाही, आणि शिरवण्यात मी स्वतः राहतो.

दर्शनाचा फोन आला तेव्हा मी भाडेकरूशी पाण्याच्या टाकीवरून भांडत होतो. "बाबा, अण्णा गेले," एवढंच बोलली माझी पोर. मी विचारलं, "कुठं?" कारण तुम्ही कुठं ना कुठं गेलेलेच असायचात. सायकल काढली की कधी माळशेज, कधी मुरुड. ती नुसती रडायला लागली, तेव्हा मला कळलं. भाडेकरू समोर उभा होता. मी त्याला म्हटलं, घे बाबा, टाकी तुझी. आयुष्यात पहिल्यांदा मी भांडण अर्धं सोडून निघालो. तुमचं आणि माझं धरलं तर दुसऱ्यांदा.

लोखंड बाजारातल्या वजनकाट्यावरून तुम्ही रिटायर झालात आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालून गुडघा दुखतो म्हणून तुम्ही सायकल काढलीत. इथपर्यंत ठीक होतं. कळंबोलीत राहणारा माणूस बेलापूरपर्यंत जाऊन येईल, ताक पिईल, घरी बसेल. पण तुम्ही लोणावळा केलंत, मग महाबळेश्वर केलंत, आणि एक दिवस ती काळी तंग चड्डी घालून आमच्या ओटीवर येऊन बसलात. आमची मंडळी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली ती तशीच मागं वळली. आतून म्हणाली, "तुमचे व्याही आलेत. त्यांना आधी टॉवेल द्या."

त्या दिवशी तुम्ही मला शर्यतीचं सांगितलंत. वाशीहून निघायचं, जुन्या हायवेनं घाट चढून पुणे, सातारा, कोल्हापूर, तिथून खाली कोकणात उतरायचं आणि गोवा हायवेनं परत वाशीला यायचं. मागं गाडी नाही, सोबतीला माणूस नाही. झोप येईल तिथं पडायचं, एसटी स्टँडवर नाहीतर देवळात.

"आनी जेवन?" मी विचारलं.

"वाटेत विकत घ्यायचं."

"आमी आनून देऊ ना. गाडी हाय, पोरं हायत."

"तेच चालत नाही, शेठ. दुकानात जे सगळ्यांना मिळतं ते आपण घ्यायचं. ओळखीच्या माणसानं आपल्यासाठी म्हणून काही आणलं की ते बाद."

"पानीपन?"

"पाणीपण."

"आनी व्याह्यानं दिलं तर?"

तुम्ही हसलात. "व्याह्यानं दिलं तर दुप्पट बाद."

मी चौथी शिकलेला माणूस. पण एवढं मला कळतं की तहानलेल्याला पाणी देऊ नका असं सांगणारा खेळ माणसांचा नाही. तेव्हाही म्हणालो, आजही म्हणतो.

आता तुम्हीच सांगा. शर्यत परत येताना आमच्या शिरवण्याला खेटून जाणार. व्याही दारावरून चाललाय, उन्हातान्हात, चार दिवसांचा दमलेला, आणि मी घरात पंख्याखाली बसू? गाव काय म्हणेल? हळदीला तुमची माणसं आली तेव्हा मी वेशीपासून बेंजोची वाजंत्री लावून आणली होती. मी तोच बेंजो हायवेच्या कडेला उभा केला. खुर्ची, मोठी छत्री, झेंडूचा हार, शहाळी, घरच्या तांदळाच्या भाकऱ्या. आळीतल्या बायका आरतीचं ताट घेऊन आल्या. मला वाटलं, नियम काय ते कागदावर असतात. माणसं समोर दिसली की तुम्ही थांबाल.

तुम्ही आलात. पाठ वाकलेली, तोंड काळं पडलेलं, ओठ फुटलेले. बेंजोवाल्यांनी जोरात सुरू केलं. मी हार घेऊन पुढं झालो. तुम्ही एक हात कपाळाला लावलात, म्हणालात, "शेठ, पोचल्यावर," आणि पुढं गेलात. चाक थांबलंसुद्धा नाही.

तेही मी गिळलं असतं. पण तुम्ही पुलापलीकडं लिंबू सरबताच्या गाडीवर थांबलात! आम्ही सगळे बघतोय. तुम्ही दोन ग्लास प्यायलात, कमरेच्या पिशवीतून पैसे काढून दिलेत, तोंड पुसलंत आणि गेलात. माझ्या हातात हार. बेंजोवाला जवळ येऊन म्हणाला, "शेठ, चालू ठेवू का बंद करू?" आणि मागून आमच्या भावकीतला एक जण बोललाच, "हसुरामशेठ, तुमच्या शहाळ्यापरीस गाडीवरचं सरबत गोड लागलं वाटतं व्याह्याला."

व्याहीबुवा, लोकांनी मला जमिनीच्या मिटिंगमध्ये शिव्या घातल्यात, त्या मी हसून ऐकल्यात. हे मला सहन झालं नाही.

दोन दिवसांनी तुम्ही पेढे घेऊन आलात. मी आतल्या खोलीत दार लोटून बसलो. तुम्ही ओटीवर बसून मंडळीच्या हातचं शहाळं प्यायलात, दुसरं मागून घेतलंत, आणि मला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं म्हणालात, "विहीणबाई, फार गोड आहे. पण त्या दिवशी प्यायलो असतो तर मला गोड लागलं नसतं." मी काही बाहेर आलो नाही. गणपती गेले, दिवाळी गेली, शिमगा आला तरी मी तुमच्याशी बोललो नाही. दर्शना तुमच्या घरून निघाली की माझ्या घरी रडायची आणि माझ्या घरून निघाली की तुमच्याकडं. तरी तुम्ही दर रविवारी यायचात. ओटीवर बसायचात, मंडळीशी गप्पा मारायचात, आतल्या दाराकडं बघून "येतो शेठ" म्हणायचात आणि जायचात. माझ्याकडून उत्तर येत नाही हे माहीत असून तुम्ही एकही रविवार चुकवला नाहीत. मला तेव्हा राग यायचा. आता तुमच्या त्या "येतो शेठ"ला एकदा तरी "या" म्हणायला पाहिजे होतं असं मंडळी म्हणते. म्हणू दे.

पुढच्या शर्यतीला मी ड्रायव्हरला गाडी काढायला लावली आणि खोपोलीला गेलो. घरी कुणाला सांगितलं नाही. मला बघायचं होतं की एवढं काय आहे त्यात, की ज्याच्यापुढं व्याही काही नाही. घाटाच्या सुरुवातीला गाडी कडेला लावली, काळ्या काचा वर केल्या आणि बसलो.

तुम्ही आलात आणि माझ्या गाडीच्या अलीकडंच तुमचं मागचं चाक बसलं. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. तुम्ही रस्त्याच्या कडेला मांडी घातलीत, चाक काढलंत, ट्यूब काढलीत, ठिगळ लावलंत, हवा भरलीत. ती परत गेली. तुम्ही परत काढलीत. काचेतून मला सगळं दिसत होतं. एका हातानं दुसरा हात धरून तुम्ही ते ठिगळ दाबत होतात. माझ्या डिकीत पाण्याचे बॉक्स होते. पायाचा पंपही होता. मी दाराची कडी धरून बसलो होतो.

तेवढ्यात एक ट्रकवाला थांबला. त्यानं खिडकीतून पाण्याची बाटली खाली दिली, आणि तुम्ही घेतलीत! घटाघटा प्यायलात, त्याला हात जोडलेत. माझी कडी हातातच राहिली. परक्या ट्रकवाल्याचं चालतं आणि माझं नाही?

मग तुम्ही उठलात, चाक बसवलंत आणि घाट चढायला लागलात. त्या घाटात भरलेले ट्रक रडतात, व्याहीबुवा. मी लहानपणापासून बघतोय. तुम्ही सीटवरून उठून एकेक पाय असा दाबत होतात जसं काही तो डोंगरच तुम्ही खाली दाबताय. तोंडानं काहीतरी पुटपुटत होतात. माझ्या गाडीला घासून गेलात, तुम्हाला मी दिसलो नाही. पहिलं वळण, दुसरं वळण, मग नुसतं तुमचं पिवळं जाकीट. मग तेही दिसेना. मी मोठमोठ्या पुढाऱ्यांना हार घातलेत, त्यांच्या सभेला ट्रक भरभरून माणसं नेलीत. पण माझी छाती तशी कधी भरून आली नव्हती. एक म्हातारा माणूस, कुणी बघत नाही, कुणी टाळ्या वाजवत नाही, आणि तो चढतोय. मी तिथं बराच वेळ बसलो. ड्रायव्हरनं विचारलं, "शेठ, निघायचं?" मी म्हटलं, थांब जरा. खाली उतरून उगाच डोंगराकडं बघितलं.

आणि ते बघितल्यावर मला राहवलं नाही. त्याला मी काय करू? त्या अबोल्यातसुद्धा मी माहेरी आलेल्या दर्शनाच्या मोबाईलवर तुमचा ठिपका बघत होतो. प्रत्येक सायकलवाल्याचा एक ठिपका, नकाशावर पुढं सरकणारा. तुमचा ठिपका कोल्हापूरला गेला, घाट उतरला, कोकणात आला. घरात कुणी टीव्ही लावीना. आमची मंडळी सुद्धा भाजी चिरता चिरता विचारायची, "अण्णा कुठवर?" मग मला आठवलं की त्या दिवशी वडखळजवळ देवीची जत्रा, रस्त्यावरचं एकूण एक हॉटेल बंद. पुढं पेणपर्यंत तुम्हाला घास मिळणार नव्हता. आणि तिथंच माझ्या साडूचं जेवणाचं हॉटेल. मी त्याला फोन लावला. म्हटलं, "पिकलेल्या मिशांचा सायकलवाला येईल. तेवढ्यापुरतं शटर अर्धं उघडं ठेव. सुकटीचं कालवन आनी गरम भाकरी वाढ. पैसे पुरे घे. माझं नाव सांगू नको."

ठिपका हॉटेलापाशी थांबला. मी मोबाईल हातात घेऊन बसलो होतो. ठिपका थांबलेला बघून मला जेवल्यासारखं वाटलं. देवाशप्पथ.

तुमचं शर्यतीचं पदक आलं आणि नातवाच्या वाढदिवसाला तुमच्या घरी सगळी जमली. मीही आलो, नातवासाठी म्हणून. जेवायला बसलो आणि तुम्ही गोष्ट सांगायला लागलात. "वडखळला मला देव भेटला. सगळं बंद, माणूस नाही, पाय चालेनात. म्हटलं आता संपलं. आणि एक शटर अर्धं उघडं! आत सुकटीचं कालवण. तसं मी जन्मात खाल्लं नाही." तुमचे डोळे भरून आले होते. सगळे ऐकत होते. आणि मला ते सहन होईना की हे श्रेय देवाला चाललंय.

"देव कसला!" मी म्हटलं. इतक्या महिन्यांनंतरचं तुमच्याशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य. "माझा साडू तो. खाल्लंत का नाय शेवटी व्याह्याचं?"

सगळे हसले. अमोल, तुमचा मुलगा, टाळी द्यायला पुढं झाला. तुम्ही हसला नाहीत. हातातला घास ताटात ठेवलात.

"शेठ, ते शटर सगळ्यांसाठी उघडं होतं का?"

"सगल्यांसाठी कशाला? तुमच्यासाठी. तुमी गेलात आनी त्यानं पाडलं. त्याला जत्रेला जायचं होतं."

तुम्ही दर्शनाकडं वळलात. "माझ्या मागं कुणाचा ठिपका होता गं?" दर्शना म्हणाली, नाशिकची एक मुलगी होती. तुम्ही उठून हात धुतलात आणि तिथंच उभ्या उभ्या तिला फोन लावलात. ती काय म्हणाली ते तुम्ही सांगितलंत: बंद शटरच्या पायरीवर बसून तिनं बिस्किटाचा पुडा खाल्ला होता. आतून भाकरीचा वास येत होता म्हणे. तुम्ही झालेलं सगळं सांगितल्यावर ती हसली आणि म्हणाली, जाऊ द्या ना काका.

"मग झालं तर," अमोल म्हणाला. "अण्णा, तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही पैसे दिलेत. ती हसतेय. विषय संपला."

"ती हसली म्हणून माझं पोट रिकामं होतंय का?" तुम्ही म्हणालात.

मग तुम्ही शर्यत भरवणाऱ्या बाईंना फोन केलात. त्या बिचाऱ्या समजावत होत्या, फोन स्पीकरवर होता, आम्ही सगळे ऐकत होतो. "काका, तुम्ही जाणूनबुजून केलेलं नाही. नियमात हे सापडत नाही." आणि तुम्ही म्हणालात, "नियमात सापडत नसेल. मी सापडलोय ना."

नातवाचा केक तसाच राहिला. मी खूप माणसं बघितलीत व्याहीबुवा, पकडल्यावर सुटायला धडपडणारी. मीही त्यातलाच. कुणी पकडत नसताना स्वतःचं मनगट पुढं करणारा मी तुमच्या आधी पाहिला नव्हता. तुम्ही पदक परत पाठवलंत.

मी त्या बाईंकडं जाऊन भांडलो, ते तुम्हाला नंतर कळलं. म्हटलं, हॉटेल मी उघडलं, शिक्षा त्यांना का? मला काय करायचं ते करा, त्यांचं पदक त्यांना द्या. बाई म्हणाल्या, "काका, आम्ही काढलंच नाही. ते घेत नाहीत." याच्यावर माणसानं काय करावं?

एक झालं, त्या दिवसापासून आपला अबोला मोडला. आता रविवारी ओटीवर मीही बसायला लागलो, आणि आपण जे भांडलो! आळीतली माणसं ऐकायला थांबायची. ट्रकवाल्याचं पाणी मी किती वेळा काढलं! तुम्ही म्हणालात, "तो माझ्यासाठी थांबला नव्हता, शेठ. रस्त्यात बसलेल्या माणसासाठी थांबला. तिथं तुम्ही असता तरी त्यानं बाटली दिली असती." मी म्हटलं, मी होतोच तिथं, मला नाय दिली. तेव्हा तुम्हाला कळलं की मी घाटात आलो होतो. "आणि दार उघडलं नाहीत?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "नाय." मग तुम्ही माझा हात हातात घेतलात. भांडणाऱ्या माणसानं असं मधेच हात धरू नये. पुढचं सुचत नाही.

शेवटच्या रविवारी मात्र माझी तयारी पक्की होती. आठवडाभर विचार केला होता. तुम्ही बसल्या बसल्या मी सुरुवात केली. "व्याहीबुवा, ज्या हायवेवरनं तुमी सायकल चालवता तो कुनाच्या जमिनीवर हाय? माझ्या बापाच्या. भाताची शेती होती तिथं. ती गेली म्हनून रस्ता झाला. म्हंजे माझी मदत तुमी तुमच्या पहिल्या चाकापासून घेताय. आता काय परत करनार?"

मला वाटलं, जिंकलो. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. हायवेच्या आवाजाकडं कान दिलात. आणि मग म्हणालात, "खरंय, शेठ. पण ती मदत सगळ्यांना मिळाली."

मी म्हटलं, थांबा, याच्यावर पुढच्या रविवारी बोलतो. पुढचा रविवार आलाच नाही. आणि खरं सांगतो, आला असता तरी माझ्याकडं उत्तर नव्हतं. आमच्या बापाची जमीन गेली त्याबद्दल आजवर पुष्कळांनी आमचं सांत्वन केलं, मोर्च्यात भाषणं केली. पण ती जमीन सगळ्यांना मिळाली असं म्हणून तिचा मान कुणी केला नव्हता. ते तुम्ही केलंत, भांडता भांडता. हे तुम्हाला सांगायचं राहिलं.

तुमच्या तेराव्याला जेवणं झाल्यावर त्या शर्यतीच्या बाई आल्या. पिशवीतून पदक काढलं. म्हणाल्या, आमच्या सगळ्यांची इच्छा आहे, अण्णांचं नाव यादीत परत लावायचं. हे फोटोला घालू. अमोलनं माझ्याकडं बघितलं. "बाबा, तुम्हीच सांगा. तुम्हीच यासाठी भांडला होतात."

भांडलो होतोच. मी पदक हातात घेतलं. चांगलं जड होतं. तुमच्या फोटोकडं बघितलं. फोटोतसुद्धा तुम्ही ती हट्टी मान जराशी वर करूनच बसलात.

"त्या नाशिकच्या पोरीला इचारलं का?" मी म्हटलं.

"काका, तिनंच सुचवलं," बाई म्हणाल्या. "तीच म्हणाली, अण्णांना द्याच."

आता नाही म्हणायला काही जागा उरली नव्हती. दर्शना पदर तोंडाला लावून उभी होती. सगळ्यांना ते पदक पाहिजे होतं. मलाही पाहिजे होतं व्याहीबुवा, सगळ्यात जास्त मलाच पाहिजे होतं.

मी ते बाईंच्या हातात परत दिलं.

"पोरीचं मन मोठं हाय," मी म्हटलं. "पन ती तेव्हा हसली होती, तरी त्यांनी ठेवलं नाय. आता त्यांना नाय म्हनता येत नाय, म्हनून गल्यात घालू नका."

बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही तर त्या नियमाच्या विरुद्ध होतात."

"हाय," मी म्हटलं. "अजून हाय."

आणि आहेच. तुमचा तो नियम मला पटलेला नाही, जन्मात पटणार नाही. पण त्या दिवशी सगळं घर एका बाजूला होतं आणि तुमच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं. तेवढ्यापुरता मी तिकडं जाऊन बसलो. आता मी परत माझ्या बाजूला आलोय, व्याहीबुवा. रस्त्याच्या उत्तरावर विचार चालू आहे.